शाळा सुटल्यावर लेकरू कुणाच्या हवाली? हंगामी वसतिगृहात ताटं मोजली जातात, सांभाळ कुणीच मोजत नाही

बीड : दसरा झाला की जिल्ह्यातल्या गावागावांत गाड्या भरायला लागतात. पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, जळण, दोन शेळ्या, चार कोंबड्या आणि वर माणसं. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, गेवराई, कुठलाही तालुका घ्या, चित्र तेच. कुणी कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाचा फोन येऊन गेलेला असतो. जायचं की नाही हा प्रश्न उरलेलाच नसतो. प्रश्न एकच असतो. शाळेत जाणारं लेकरू गाडीत घालायचं की गावात ठेवायचं?

गावात ठेवायचं म्हटलं तर त्यासाठी सरकारी सोय आहे, हंगामी वसतिगृह. पैसा समग्र शिक्षा अभियानातून येतो, चालवते शाळा व्यवस्थापन समिती. हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत मुलांना सकाळी नाश्ता आणि संध्याकाळी जेवण द्यायचं, दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून. पोरगं आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात राहतं. परक्या मुलुखात कोपीच्या दारात बसून धाकट्या भावंडाला सांभाळत नाही, पहाटेच्या थंडीत वाढे गोळा करत फिरत नाही. योजना चांगली आहे, त्यात वाद नाही. साखर कारखान्यांवरच्या साखरशाळांपेक्षा मूल गावातच राहिलेलं बरं, हा विचारही पटण्यासारखा आहे.

वाद दरवर्षी होतो तो आकड्यावर. कागदावर किती मुलं, ताटावर किती. अनुदान मुलामागे मिळतं, त्यामुळं तपासणीला येणारा साहेबही आधी डोकी मोजतो. बोगस पटाच्या तक्रारी या जिल्ह्याला नव्या नाहीत आणि त्यांची चौकशी व्हायलाच पाहिजे. पण या मोजदादीच्या भांडणात एक गोष्ट कायम मागं पडते. जे मूल खरोखर हजर आहे, ज्याचं नाव खरं आहे, ताट खरं आहे, त्याचं शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत काय होतं? ते कुणाच्या नजरेखाली असतं?

सात तास शाळेचे, सतरा तास कुणाचे?

जिल्हा परिषदेची शाळा साधारण सकाळी दहाला भरते आणि पाचला सुटते. सात तास. त्या सात तासांवर गुरुजी आहेत, बाई आहेत, हजेरीपट आहे, केंद्रप्रमुख आहेत, गटशिक्षणाधिकारी आहेत. उरलेले सतरा तास. आई-बाप घरी असताना या सतरा तासांचा विचार कुणी करत नाही, कारण तो करावा लागत नाही. आई-बाप तीन-चारशे किलोमीटरवर ऊस तोडत असताना मात्र तेच सतरा तास खरे. हंगामी वसतिगृह निघालंय ते त्या सतरा तासांसाठी, शाळेच्या सात तासांसाठी नाही. आणि तपासणी कशाची होते? बहुतेक वेळा ताटांची. तीही दिवसा.

चौथीतली एक मुलगी धरा. पाचला घंटा होते. बहुतेक शिक्षक तालुक्याच्या गावाहून येऊन-जाऊन करतात, त्यांची गाडी साडेपाचच्या आत गावाबाहेर पडते. जेवण सात-साडेसातला. मधले दोन तास ती कुठं असते? शाळेच्या पटांगणात असेल, मैत्रिणीच्या ओट्यावर असेल, रस्त्याच्या कडेला असेल. शेततळ्याच्या काठावरही असेल. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात मोठं माणूस घसरलं तरी त्याला वर येता येत नाही, तिथं लेकराची काय कथा. घरी आई असती तर अंधार पडताना तिनं हाक मारली असती. इथं हाक मारायचं काम कुणाचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

रविवार तर अख्खा चोवीस तासांचा. त्या दिवशी शाळेचा पोषण आहार नाही, म्हणजे दुपारचं ताट कुणाचं, हा प्रश्न आलाच. दिवाळीच्या सुट्टीत, संक्रांतीला, २६ जानेवारीचं झेंडावंदन झाल्यावर, दर वेळी तेच. मार्च उजाडला की उन्हामुळं शाळा सकाळची होते आणि दुपारपासून पुढचा सगळा दिवस मोकळा. म्हणजे हंगाम संपत येतो, आई-बापांना जाऊन चार-पाच महिने झालेले असतात, पोरं कंटाळलेली असतात, आणि नेमका तेव्हाच रिकामा वेळ वाढतो. मुलगा फडावर पळून जातो किंवा चुलत्याबरोबर दुसऱ्या गावाला निघून जातो तो अशाच दिवसांत.

नाव वसतिगृह, पण वस्ती आजीकडं

नावात वसतिगृह आहे म्हणून तिथं खाटा, गाद्या, खोल्या असतील असं बाहेरच्या माणसाला वाटतं. गावात राहणाऱ्याला माहीत आहे की अनेक ठिकाणी मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला आजी-आजोबांकडं, चुलत्याकडं, मावशीकडं जातात. यावर बोट ठेवून "वसतिगृह नाहीच, नुसती खानावळ आहे" अशी टीका होते. ती अर्धीच खरी आहे. शाळेच्या एका खोलीत तीस-चाळीस पोरांना फरशीवर झोपवून बाहेरून कडी घालण्यापेक्षा आजीच्या गोधडीत झोपणं केव्हाही चांगलं. अडचण आजीकडं झोपण्यात नाही. मधल्या वाटेत आहे. ताट धुऊन झाल्यावर कोणतं मूल कुणाबरोबर गेलं, घरी पोचलं का, आजीची तब्येत बरी आहे का, तिला दिसतं किती, ऐकू येतं किती, घरात आणखी कोण माणसं राहतात, याची नोंद कोण ठेवतं? आठवीतली मोठी बहीण तिसरीतल्या भावाला घेऊन अंधारातून वस्तीवर चालत जाते तेव्हा दोघंही लेकरंच असतात.

आजी-आजोबांवरही सगळं टाकून मोकळं होता येत नाही. गावात मागं राहतात ते म्हातारे, आणि म्हाताऱ्यांनाच कुणीतरी बघायची वेळ आलेली असते. एकेका आजीकडं तीन लेकांची मिळून पाच-सहा नातवंडं असतात. तिनं सकाळी त्यांना उठवायचं, आंघोळी घालायच्या, डोक्यातल्या उवा बघायच्या, ताप आला तर दवाखान्यात न्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्र पाच-सात किलोमीटरवर. गाडी कुणाची, पैसे कुणाचे?

रात्रीच्या एका धोक्याबद्दल तर मोकळेपणानं बोललंच जात नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते ती बहुतेक रात्री, झोपेत. चावा फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. मूल पोटात दुखतंय म्हणून रडतं, पाणी पाजून त्याला परत झोपवलं जातं आणि नंतर पापण्या जड व्हायला लागतात. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला, थंडी कमी असताना, ही भीती खरी आहे. अशा वेळी ज्याला १०८ ला फोन करायचं सुचेल असं जाणतं माणूस जवळ असणं, मुलाला खाट आणि मच्छरदाणी असणं, याला सांभाळ म्हणतात. शंभर रुपयांच्या मच्छरदाणीबद्दल तपासणीत कुणी विचारत नाही. ताटं मात्र दोनदा मोजतात.

दुपारची चव गुरुजी घेतात, रात्रीची कोण?

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात कीटकनाशक गेलं होतं. त्यानंतर शाळेतलं अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात किमान एका शिक्षकानं, चाखून बघायचं हा नियम देशभर पक्का झाला. आज आपल्या शाळांत दुपारच्या खिचडीची चव घेतली जाते, वहीत सही होते. कधी चव न घेता नुसतीच सही होते, तो भाग वेगळा. पण निदान नियम आहे, आणि नियमाला जबाबदार माणूसही आहे.

संध्याकाळी सातला तो माणूस गावात नसतो. तेच लेकरू, तीच शाळा, बऱ्याचदा चूलही तीच आणि डाळीचा डबाही तोच. दुपारी एकला जी काळजी घ्यायची ती संध्याकाळी सातला कुणी घेतं का, हे विचारलं तर उत्तर मिळतं, "स्वयंपाकीणबाई गावातलीच आहे, तिचीही नातवंडं तिथंच जेवतात." हे खरं आहे आणि तो मोठा आधारही आहे. पण सगळा भार एका बाईच्या चांगुलपणावर टाकणं म्हणजे व्यवस्था नव्हे.

त्या बाईचं गणितही बघायला पाहिजे. शाळेत दुपारचं अन्न शिजवणाऱ्या स्वयंपाकी-मदतनिसाला महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे. दिवसाचे शंभर रुपयेही पडत नाहीत. वसतिगृहाचा स्वयंपाक म्हणजे पहाटे उठून नाश्ता आणि रात्री भांडी घासून होईपर्यंत थांबणं. तिनं स्वयंपाक करायचा, वाढायचं, भांडणं सोडवायची, आजारी पोराला बघायचं आणि शेवटचं मूल घरी जाईपर्यंत दिवाही लावून ठेवायचा, ही अपेक्षा कोणत्या हिशोबानं ठेवायची?

पैसे उशिरा निघतात, ही तक्रार या योजनेत दरवर्षीची. मग गावातल्या किराणा दुकानात खातं चालू होतं. पहिला महिना दुकानदार देतो, दुसऱ्या महिन्यात कुरकुर करतो, तिसऱ्या महिन्यात हात आखडतो. दुकानदाराचा हात आखडला की वरण पातळ होतं. भाजी बंद होऊन नुसतं पिठलं येतं, मग रोज खिचडी. कुणी ठरवून पोरांच्या तोंडचा घास काढतो असं प्रत्येक ठिकाणी नसतं. पैसा हंगाम संपल्यावर आणि भूक हंगामात, एवढ्यानंही ताट रिकामं होतं. लहान तांड्या-वस्तीवर हे आणखी अवघड. अनुदान डोक्यामागे, पण चूल, जळण आणि स्वयंपाकीण दहा पोरांना लागते तीच पंचवीस पोरांना लागते. जिथं मुलं कमी तिथं वसतिगृह परवडत नाही, आणि नेमकं तिथलंच मूल गाडीत बसतं.

हे ताट किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांत सांगता येतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या दुपारच्या आहारातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशोबानं १,७०० उष्मांकांच्या आसपास. म्हणजे दुपारचं ताट पूर्ण खाल्लं तरी गरज भागते चार आण्यांची. उरलेले बारा आणे सकाळच्या नाश्त्यातून आणि रात्रीच्या जेवणातून यायचे आहेत. आई घरी नसलेल्या पोराला मधल्या वेळी फडताळातली भाकर काढून खाता येत नाही, हेही लक्षात घ्या. नाश्त्याला पोह्याची मूठ आणि रात्री पातळ वरण-भात मिळाला तर सहा महिन्यांत ते पोरगं वाळणारच, आणि एप्रिलमध्ये आई आल्यावर म्हणणार, "नेलं असतं सोबत तर बरं झालं असतं." पुढच्या वर्षी ती त्याला नेते. अशा मुलाचं नाव पटावर राहतं, ते मात्र उसाच्या फडात असतं.

देखरेख करणारेच फडात

आता या सगळ्याच्या मुळाशी. हंगामी वसतिगृह चालवते शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. कायद्याचा विचार सरळ आहे. ज्याचं लेकरू शाळेत, त्याचं लक्ष शाळेवर.

पण ऊसतोडीच्या गावात नोव्हेंबर ते मार्च हे पालक असतात कुठं? फडात. ज्या महिन्यांत वसतिगृह चालतं, त्याच महिन्यांत ते चालवणाऱ्या समितीतले निम्मे-अधिक सदस्य गावाबाहेर. मागं राहतात ते ज्यांची स्वतःची मुलं आई-बापांजवळ झोपतात असे पालक, मुख्याध्यापक आणि गावातली दोन-चार वजनदार माणसं. बैठकीच्या वहीत ठराव होतात, सह्या होतात. सह्या कुणाच्या होतात, ते गावानंच बघावं. ज्याचं मूल जेवतंय त्याचा आवाज बैठकीत नाही, आणि ज्याचा आवाज आहे त्याचं मूल तिथं जेवत नाही. योजनेतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे. बोगस पट हा त्याच झाडाचा एक फाटा. पालक समोर असते तर कोणतं मूल खरं आणि कोणतं कागदी, हे सांगायला वरून साहेब यायची गरज पडली नसती.

वेळेचाही गोंधळ आहे. कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मुंबईत मंत्री समिती ठरवते. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरपासून होता, २०२५-२६ चा १ नोव्हेंबरपासून. तारीख कोणतीही असो, टोळ्या तिच्या आधीच निघतात. वसतिगृहाची मान्यता मात्र सर्वेक्षण, प्रस्ताव, पडताळणी असं करत करत येते. गाडी दाराशी उभी असताना आईला "वसतिगृह होणार आहे" एवढंच सांगितलं जातं, "सुरू झालंय" असं नाही. होणार आहे या शब्दावर कोणती आई सात वर्षांचं लेकरू मागं ठेवील? पंधरा दिवसांच्या उशिरानं अख्खं वर्ष जातं. फडावर गेलेल्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं, पण कोपी ते शाळा हे अंतर आणि कानडी मुलुखातली भाषा पार करून किती मुलं वर्गात बसतात, हे फडातल्या माणसाला विचारावं.

मोठ्या मुलींबद्दल

सहावी-सातवी-आठवीतल्या मुलींचा विषय वेगळा आहे आणि गावात तो हळू आवाजात बोलला जातो. आई-बापांना मुलगी मागं ठेवायची भीती वाटते. सोबत न्यायचीही वाटते. तिसरी वाट मग नातेवाईक सुचवतात, लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के निघालं, बीड जिल्ह्यात जवळपास ४४. राज्याच्या दुप्पट. याला कारणं बरीच आहेत, पण "पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची" हे त्यातलं मोठं कारण आहे, हे इथल्या कुठल्याही आशाताईला, अंगणवाडीताईला माहीत आहे. म्हणून वसतिगृहातला सांभाळ हा नुसता जेवणाचा विषय राहत नाही. रात्री लघवीला जायचं तर सोबत कोण, संडासात दिवा आहे का, पाळी आली तर सांगायचं कुणाला, संध्याकाळी वसतिगृहात कोण कोण पुरुष येतात-जातात, यावर मुलीचं पुढचं शिक्षण ठरतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उघड झालं, राज्य हादरलं. सरकारनं शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांचे आदेश काढले. त्याआधी २०२२ मध्येच सखी सावित्री समित्यांचा निर्णय झाला होता. शाळेच्या वेळेसाठी हे ठीक. पण संध्याकाळी सातला त्याच शाळेच्या आवारात पाणी भरायला येणारा, गॅसची टाकी आणणारा, जेवण वाढायला मदत करणारा, यांची पडताळणी कुणी केली? लहान मुलांवरच्या अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा घड्याळ बघून लागू होत नाही. आणि तक्रारपेटी शाळेच्या कुलूपबंद व्हरांड्यात असेल तर रात्री आठला ती असून नसल्यासारखी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायला शंभर रुपयांचा रंग लागतो. मुलीनं फोन लावायचा कुणाच्या मोबाईलवरून, हे तिला आधीच सांगून ठेवावं लागतं.

तालुक्याच्या ठिकाणी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं दहा जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांसाठी प्रत्येकी १०० मुलांची ८२ वसतिगृहं जाहीर केली, निम्मी मुलींसाठी. मोठ्या मुलींना त्याचा उपयोग आहे. पण दुसरी-तिसरीतलं लेकरू आजीचं गाव सोडून तालुक्याला राहणार नाही, त्याला गावातलीच सोय लागते.

एक माणूस, एक वही

सांभाळ सुधारायला फार मोठा पैसा लागतो असं नाही. पहिली गरज आहे एका माणसाची, जिचं नाव सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाकीण वेगळी आणि सांभाळणारी वेगळी. गावात बारावी झालेली, सासरी-माहेरी असलेली एखादी तरी मुलगी किंवा सून असतेच. शाळा सुटल्यापासून शेवटचं मूल घरी पोचेपर्यंत आणि सकाळी नाश्त्यापासून घंटेपर्यंत तिनं मुलांजवळ राहायचं. खेळ घ्यायचा, पाढे म्हणून घ्यायचे, कोण आज गप्प आहे ते बघायचं. तिचं मानधन ठरवून योजनेतच बसवायला पाहिजे, ग्रामपंचायतीनंही वाटा उचलायला हरकत नसावी. शिक्षकांनी सातपर्यंत थांबावं असा आग्रह काही जण धरतात. तो व्यवहारात टिकत नाही, चार दिवस पाळला जातो आणि मग त्याच्याही सह्याच होतात.

दुसरी गरज एका वहीची. प्रत्येक मुलाच्या नावापुढं रात्री कुठं झोपतं, त्या घरातल्या मोठ्या माणसाचं नाव आणि नंबर, आई-बापाचा फडातला नंबर, मुकादमाचा नंबर, मुलाला काही आजार किंवा औषध. ही वही शाळेच्या कपाटात नको, सांभाळणारीच्या घरी पाहिजे. रात्री अकराला ताप चढल्यावर कपाटाची किल्ली शोधत बसता येत नाही.

फडातल्या आई-बापांनाही हातात मोबाईल असल्यामुळं बरंच करता येतं. रात्री कोपीवर आल्यावर फोन होतोच. पण "जेवलास का?" असं विचारलं की पोरगं "हो" म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, काल रात्री कालवण कशाचं होतं? कोणी वाढलं? दुसऱ्यांदा मागितलं तर मिळालं का? शाळा सुटल्यावर कुठं खेळलास, तिथं मोठं माणूस कोण होतं? झोपताना दिवा कोणी मालवला? रविवारी दुपारी काय खाल्लं? मोठ्या मुलीशी आईनं बोलावं, एकटीनं, स्पीकर बंद करून. एकाच गावच्या टोळीतल्या चार घरांनी आपापल्या मुलांना हेच विचारलं आणि उत्तरं जुळवून बघितली, तर तपासणीच्या अहवालात येणार नाही ते सगळं एका आठवड्यात कळतं. खोट निघाली तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना चौघांनी मिळून लेखी कळवावं, व्हॉट्सअॅपवर कळवलं तरी तारीख आणि मुलांची संख्या लिहावी. चांगलं चाललं असेल तर स्वयंपाकीणबाईला फोन करून तसंही सांगावं, तिला ते कुणी सांगत नाही.

समितीत फडावर जाणाऱ्या पालकांच्या जागी हंगामापुरते त्यांचे आई-वडील, म्हणजे मुलांचे आजी-आजोबा बैठकीला बसतील आणि पालक फोनवरून जोडले जातील, असा ठराव कोणत्याही गावाला करता येईल. शिक्षण हक्क कायदा समितीत पालकांबरोबर मुलाचा सांभाळ करणाऱ्यालाही जागा देतो, आणि सहा महिने तो सांभाळ करते आजीच. वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होणार, सांभाळणारी कोण, रविवारचं जेवण कुणाकडं, हे सगळं गाड्या भरण्याआधी ग्रामसभेत विचारावं लागेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला हे आई-बाप फडात असतात. १५ ऑगस्टच्या सभेला गावात असतात, आणि २ ऑक्टोबरच्या सभेलाही बहुतेक घरांची गाडी अजून निघालेली नसते.